बत्तीस चाळणींचा गोलकीपर

मंगळवार पेठेत कृष्णात साळोख्याच्या घरी गेलात तर भिंतीवरच्या चाळणींकडं बघून हसू नका. पिठाची, रव्याची, पितळी, पत्र्याची, शिवाय वाळू चाळायची एक थोरली, ती परड्यात टेकून उभी. आल्या एकूण बत्तीस. त्यांतल्या अकरा उरल्या. बाकीच्या त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, कुणाच्या वास्तुशांतीला, कुणाच्या लेकीच्या रुखवतात सारून वाटेला लावल्या.

ह्यातली एकही कृष्णातनं विकत घेतलेली नाही. दर वर्षी चौदा फेब्रुवारीला सगळी दुनिया एकमेकाला गुलाब देते, त्या दिवशी सकाळी सकाळी ह्याच्या दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल फीत बांधलेली चाळण येते. पाठवणारा विजयसिंह सरनाईक. दोन गल्ल्या पलीकडं त्याचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळं मालाला तोटा नाही.

हे सगळं सुरू झालं त्र्याण्णव सालच्या फायनलात. कोल्हापुरात पेठेतला फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे, ठरलेली सोयरीक मोडायला पुरेसं कारण असतं ते. त्या दिवशी एका बाजूला रणझुंजार तालीम, तिचा गोलकीपर बावीस वर्षांचा कृष्णात. दुसऱ्या बाजूला वाघजाई तालीम, तिचा पुढचा गडी विजयसिंह. शून्य-शून्य. शेवटची दोन मिनिटं. कॉर्नर आला, गोलाच्या तोंडात बारा-चौदा गडी एकमेकांच्या उरावर, धुरळा असा की स्वतःचा हात दिसंना. धुरळा बसला तेव्हा कृष्णात पालथा पडलेला, बॉल त्याच्या पोटाखाली, आणि पंचाची शिट्टी. गोल.

तेव्हापासून कृष्णातचं एकच वाक्य, "बॉल लाइनीवर हुता." आणि विजयसिंहाचं एकच वाक्य, "हवेत आडवा झालो, कैची मारली, आनि चाळणीतनं पाणी जावं तसा बॉल गेला." पेठेनं दुसरं वाक्य उचललं. कृष्णातच्या लग्नात आहेर काय आला असेल ते सांगायला नकोच. पुढं त्याच्या नावानं पत्ता विचारलात तर पानपट्टीवाला डोकं खाजवायचा. "कोण कृष्णात? हां हां, चाळण व्हय! तिसरं दार, पावणं."

कृष्णातनं ते हसण्यावारी नेलं. फुटबॉल सुटला, केस गेले, पोट आलं, कसबा बावड्याच्या अंगाला एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा अटेंडंट म्हणून चिकटला. सव्वीस वर्षं झाली. पोरं-पोरी त्याला मामा म्हणतात. सकाळी तीस मशिनी चालू करायच्या, संध्याकाळी साडेपाचला एकेकीपुढं वाकून बंद करायच्या. बंद करण्यात त्याचा हात असा बसलाय की घरी निघताना जिन्यातला दिवा, पंखा, शेजाऱ्याच्या सायकलीचा स्टँड, जे दिसेल ते तो बंद करून पुढं जातो.

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण गेल्या वर्षी वाघजाई तालमीनं नवा हॉल बांधला, आणि हॉलच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्या गोलाचं चित्र काढायचं ठरवलं.

पेंटर सम्राट. माणूस कलाकार, पण वाघजाईचा. त्यानं खडूनं आखणी केली ती पंधरा फूट लांब. वर विजयसिंह गरुडासारखा आडवा, कैची मारलेली. खाली कृष्णात. बेडकासारखा फेंगडा पसरलेला, तोंड उघडं. कृष्णात दूध घेऊन येताना त्या भिंतीपुढं थांबला. पिशवीतलं दूध तापलं तरी हा आपला तिथंच.

"सम्राट, लेका, माझं तोंड उघडं का?"

"आण्णा, भाव दावायचा असतो त्यात."

"आनि हे बेडूक?"

"ते तुमीच हाय."

घरी आला तो जेवला नाही. चिमणाबाई म्हणाली, "बत्तीस वर्सं चाळण म्हणून घेतलंसा, तवा न्हाई लागलं?"

"अगं, तोंडानं म्हणत्यात ते वाऱ्यावर जातंय. भिंतीवरचं न्हाई जात. उद्या मी मेलो तरी बेडूक तितंच. नातवंडांनी विचारलं तर काय सांगशील, ह्यो तुझा आज्जा?"

"अजून लेकाचं लगीन न्हाई, नातवंडं कुठली आणलासा!" म्हणत तिनं ताट पुढं ढकललं. पण तिलाही ते बेडूक टोचलं होतं. ती दुसऱ्या दिवशी भाजीला जाताना मुद्दाम पलीकडच्या गल्लीनं गेली.

आता कृष्णातकडं एक वस्तू होती, जी त्यानं कुणाला दाखवली नव्हती. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकानं धंदा गुंडाळला तेव्हा कॅसेटींचं पोतं कॉलेजच्या भंगारात आलं. त्यात एक कॅसेट, वर मार्कर पेननं 'फायनल ९३'. त्यानं लावून बघितली तर पहिली अर्धी मॅच कुणाच्यातरी हळदीखाली गेलेली. नवरदेवाच्या आत्त्या नाचताहेत, नाचताहेत, आणि एकदम फुटबॉल. शेवटची पाच मिनिटं तेवढी उरलेली, तीही बुरशी चढून अशी झालेली, की बावीस गडी आहेत का बावीस पोती ते कळू नये.

लॅबमध्ये शेवटच्या वर्षाला प्रियदर्शनी म्हणून पोरगी आहे. हातकणंगल्याहून रोज येते, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरनं हाक मारली तर गेटवरचा वॉचमन उठून बसावा. तिचा प्रोजेक्ट नेमका हाच होता, जुनं खराब झालेलं चित्रण एकेक चित्र करून साफ करायचं. कृष्णातनं कॅसेट तिच्यापुढं ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. बेडकासकट.

ती हसली नाही. म्हणजे आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "मामा, द्या हिकडं. पाच मिनिटं म्हंजे साडेसात हजार चित्रं. एका चित्राला पाऊण मिनिट. आतल्या खोलीतली मोठी मशीन लावली तर चार दिवस जातील. शेवटी बॉल लाइनीच्या आत किती, भाईर किती, ते बी मोजून सांगंल."

कृष्णात तडक वाघजाई तालमीत गेला. तिथले अध्यक्ष गणपतराव, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही तालमींत त्यांचा शब्द चालतो. विजयसिंहही तिथंच खुर्ची टाकून बसलेला. कृष्णात म्हणाला, "रंग लावू नगासा. माझ्याकडं पुरावा हाय."

"बत्तीस वर्सांनी?" विजयसिंह म्हणाला. "मर्दा, एवढ्या दिसात तर चाळणीला बी गंज लागतोय."

गणपतरावांनी काठी आपटली. "रविवारी दुपारी बारापर्यंत. पुरावा आला आनि बॉल भाईर निघाला, तर चित्र पुसायचं. न्हाईतर सम्राट, तू डबा उघड."

सोमवारी सकाळी अकराला प्रियदर्शनीनं काम लावलं. बाहेरच्या एका साध्या मशिनीवर बसून, तिथनं तारेनं आतल्या मोठ्या मशिनीत शिरून. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे पळायला लागले. फ्रेम १, फ्रेम २, फ्रेम ३. कृष्णात दिवसभर चहा पीत त्यापुढं बसला. संध्याकाळपर्यंत पाचशेच्या वर गेलं. पोरगी चारच्या गाडीनं गेलेली. साडेपाच वाजले. कृष्णात उठला, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं पहिल्या मशिनीपासून तिसावीपर्यंत सगळ्या बंद करत गेला. सातवीवर ते काम लावलं होतं. तीही केली. वर झाकण घातलं.

मंगळवारी सकाळी तिनं आत शिरून बघितलं तर काम मेलेलं.

"मामा! काल मशीन कुणी बंद केली?"

"मी. रोज करतो की."

"मग बोंबललं! सगळं पुन्हा पयल्यापास्नं."

"अगं पण काम तर आतल्या मशिनीवर चाललंवतं न्हवं? ती कुठं बंद केली मी? तिला हात लावायला कुलूप हाय!"

हा प्रश्न त्यानं अगदी वर्मावर विचारला होता. प्रियदर्शनीनं खुर्ची ओढली. त्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती, मैत्रिणी दारातून खुणा करत होत्या, तरी ती बसली.

"मामा, घरातनं भाईर पडताना तुमी काय म्हणता?"

"येतो म्हणतो."

"जातो का म्हणत न्हाई?"

"खुळी का काय! जातो म्हणत्यात व्हय? जातो म्हंजे झालंच की मग. पुसलं नाव."

"मग बघा. काल तुमी मशीन बंद केली, म्हंजे आतल्या मशिनीला न सांगता दार आपटून गेलासा. तिला वाटलं, माणूस गेला, आता हे काम कुणासाठी करायचं? तिनं टाकून दिलं. तिला येतो म्हणून निघायचं असतं. त्याला एक सोय हाय. टीमक्स."

"टी काय?"

"टीमक्स. आत एक खोली उघडतोय असं समजा. काम त्या खोलीत लावायचं. निघताना कंट्रोल आनि बी एकदम दाबायचं, सोडायचं, मग डी. झालं येतो. तुमी भाईर, काम आत चालूच. उद्या या, परवा या, घरातनं मोबाईलवरनं या. खोलीचं नाव घेऊन अटॅच म्हणायचं, की जितं सोडलंवतं तितंच आत. चहाचा कप बी उचललेला नसतोय."

"आनि दार आपटून गेलो तर? लाईट गेली, रेंज गेली?"

"तरी बी ती येतोच समजती. खोली मोडत न्हाई. मोडायची असली तर एक्झिट म्हणायचं. ते म्हंजे जातो. आनि कंट्रोल-सी तर अजिबात दाबायचं न्हाई. ते म्हंजे कामाचा गळा."

कृष्णात खूश झाला. इतकी सभ्य मशीन त्यानं सव्वीस वर्षांत बघितली नव्हती.

बुधवारी दुपारी एकला काम पुन्हा लावलं. सरांची परवानगी काढून बाहेरनं शिरायची वाटही करून घेतली. पोरीनं विचारलं, "मामा, खोलीला नाव काय देऊ?"

कृष्णात म्हणाला, "ठेव चाळण. सगळी तेच म्हणत्यात."

आणि माणसाला नाद लागला. कंट्रोल-बी, डी. येतो. चहा पिऊन आला. अटॅच. आकडे पळताहेत! कंट्रोल-बी, डी. येतो. लघवीला जाऊन आला. अटॅच. पळताहेत! कॉलेज सुटायच्या आत त्यानं चौदा वेळा निरोप घेतला आणि चौदा वेळा परत आला. साडेपाचला तिसांच्या तीस मशिनी बंद केल्या, सातवीचा तर मुद्दाम प्लगच उपटला. घरी येऊन चप्पल न काढता मोबाईल उघडला. आकडे पळत होते. चप्पल घालूनच त्यानं एक गिरकी मारली.

चिमणाबाई भाकरी थापत होती. "कुणाचा मेसेज?"

"मशिनीचा."

"आत्ता गं बया. ह्या वयात तुमाला बाई न्हाई, मशीन गावली!"

त्यानं तिला शेजारी बसवून सगळं दाखवलं. येतो कसं म्हणायचं, आत कसं यायचं. तिनं पिठाच्या हातानं एकदा करूनही बघितलं. "बरी हाय की," म्हणाली. "माणसापरास बरी. तुमी भाईर असला तर हितलं एक काम चालत न्हाई."

गुरुवारी दुपारी लॅबमध्ये कृष्णात पडद्यापुढं बसला असताना भलतंच घडलं. सगळा पडदाभर पसरलेले आकडे एकदम आकसले, वरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढे झाले, आणि भोवतीनं नुसते ठिपकेच ठिपके.

"प्रियदर्शनी! पळ! मशीन आकसली!"

ती धावत आली, बघितलं आणि म्हणाली, "आकसली न्हाई. कुणीतरी बारक्या पडद्यावरनं त्याच खोलीत आलंय. दोघं एकाच खोलीत असला की बारक्याच्या मापानं दिसतंय. मोबाईल हाय कुणाचा तरी."

"माझा मोबाईल तर घरात ऱ्हायलाय."

तेवढ्यात त्या आकड्यांच्या मधोमध अक्षरं उमटायला लागली. आपोआप. एकेक. इंग्रजी अक्षरांत, पण बोली आपली.

'डबा विसरलासा.'

कृष्णात खुर्चीसकट मागं सरकला. प्रियदर्शनीनं तोंडात ओढणी कोंबली. त्यानं खाली लिहिलं, 'कोण?'

'कोण म्हंजे? किती बायका हायत?'

'तू आत कशी आलीस?'

'तुमीच दावलंसा. तुमचा फोन हितं, मग दुसरं कुठं सांगू?'

'मग डबा आणून दे की.'

'मी काय हाटेल हाय? कँटीनमदी खावा. वांगं हुतं, मी खाल्लं. येतो.'

पडदा परत मोठा झाला. लॅबमध्ये तोवर वीस पोरं गोळा झालेली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मामींचा जयजयकार केला. खाली आकडे आपले पळतच होते, नवरा-बायकोचं भांडण मध्ये आलं म्हणून ते काही थांबले नव्हते.

ह्यातनंच कृष्णातच्या डोक्यात किडा वळवळला. चिमणा आत येते, तर सगळी पेठ का नको? शुक्रवारी संध्याकाळी तो रणझुंजार तालमीच्या पायरीवर बसला आणि एकेकाचा मोबाईल घेऊन त्यात सोय करून द्यायला लागला. सतरा मोबाईल झाले. अठरावा आला तो विजयसिंह. हात पुढं करून म्हणाला, "मला बी घे आत. माझ्या गोलाचं काय करालाईस ते बघतो की."

"ये की. भितोय व्हय तुला?"

शनिवारी त्या खोलीत जत्रा भरली. आकडे एका बाजूनं पळताहेत आणि अठरा जण मधे मधे लिहिताहेत. कुणी 'हाणा', कुणी 'पाणी आलंय, मोटर लावा', कुणी 'चाळण झिंदाबाद'. विजयसिंहानं लिहिलं, 'कैची येऊ दे.' पडदा तर ज्याचा मोबाईल सगळ्यांत बारका त्याच्या मापानं एवढा आखडला, की लॅबच्या मशिनीवर बघायला कृष्णातला नाक टेकवावं लागलं. आणि जाताना? मोबाईलवर कंट्रोल कुठं असतं ते कृष्णातनं घाईत दाखवलंच नव्हतं, त्यामुळं ते कुणाला गावलं नाही. पण न सांगता उठून जायची रीत पेठेत नाही. म्हणून प्रत्येकानं काय केलं, जाताना 'येतो' लिहिलं, बटण हाणलं आणि मोबाईल खिशात टाकला. पाच मिनिटांनी परत आत. परत 'येतो'. आकड्यांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हातकणंगल्यात घरी बसलेल्या प्रियदर्शनीच्या लक्षात आलं असतं, पण तिला ह्या जत्रेचा पत्ताच नव्हता.

रविवारी सकाळी वाघजाईच्या नव्या हॉलात दोन्ही तालमी जमल्या. बाया, पोरं, वडापाव, भिंतीवर कॉलेजचा प्रोजेक्टर. दारात सम्राट रंगाच्या डब्यावर पाय ठेवून उभा, ब्रश कानावर. प्रियदर्शनीही पहिल्या गाडीनं आली. गणपतराव पुढच्या खुर्चीवर, घड्याळ हातात. कृष्णातनं लॅपटॉप उघडला, खोलीचं नाव घेतलं आणि अटॅच म्हणाला. भिंतीवर आकडे आले. ७४६०.

पाऊण मिनिटाला एक आकडा. ७४८०. वडापाव संपले. ७४९५. चिमणाबाई मागं बायांत उभी होती, तिनं पदराचं टोक दातात धरलं. ७४९९. पावणेअकराचा सुमार.

७५००. खाली एक ओळ उमटली, पण कुणी वाचायच्या आतच भिंतीवर धबधबा सुटला. 'येतो नावाची आज्ञा सापडली नाही. येतो नावाची आज्ञा सापडली नाही. हाणा नावाची आज्ञा सापडली नाही. येतो नावाची आज्ञा सापडली नाही.' शंभर वेळा. दोनशे वेळा. काम चालू असताना अठरा जणांनी जे जे बटण हाणून लिहिलं होतं ते सगळं मशिनीनं दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं, आणि काम संपल्या संपल्या एकेकाला आत घेऊन ती विचारत होती, बाबा, तुझं काय काम? निकालाची ओळ त्या लोंढ्याखाली वर कुठल्या कुठं निघून गेली.

"मामा!" प्रियदर्शनी किंचाळली. "हितं कुणाकुणाला आत घेतलंवतंसा?"

"सगळ्यांस्नी," कृष्णात म्हणाला.

विजयसिंह उठून उभा राहिला. "संपलं! पुराव्याला पळवाट फुटली. सम्राट, उघड डबा!"

"थांब रं!" कृष्णात ओरडला. बत्तीस वर्षांत तो एवढ्या मोठ्यानं ओरडला नव्हता. "खोली मोडल्याली न्हाई. भाईरनं नुसती गर्दी झालीया." त्यानं कंट्रोल-बी दाबलं, सोडलं, चौकोनी कंस दाबला आणि वरच्या बाणावर बोट ठेवलं. ही युक्ती त्यानं चौदा वेळा जाऊन-येऊन शिकताना पोरीकडनं उचलली होती. लोंढा उलटा फिरला. येतो, येतो, हाणा, पाणी आलंय, येतो, कैची येऊ दे, येतो. लोक हसायला लागले, ज्याचं त्याचं वाक्य आलं की तो उठून हात वर करत होता. "ते माझं! ते माझं!" आणि मग, सगळ्यांच्या वर, ती ओळ.

चेंडू रेषेच्या आत. एकवीस सेंटिमीटर.

गणपतराव म्हणाले, "आत म्हंजे?"

"आत म्हंजे गोल," विजयसिंह म्हणाला. वाघजाईवाल्यांनी छत डोक्यावर घेतलं. शिट्ट्या, आरोळ्या. कृष्णात त्या ओळीकडं बघत राहिला. एक वीतभर आत. लाइनीवर नव्हता. बत्तीस वर्षं रोज जे सांगितलं ते खोटं, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याचा हात लॅपटॉपचं झाकण मिटायला गेला.

चिमणाबाई मागनं गरजली, "आवो, मिटताय काय! चार दीस मशीन राबली ते आकडं बघाय का चित्र बघाय? दावा की आता पिक्चर!"

प्रियदर्शनीनं पिक्चर लावला.

काय सांगावं! बुरशी गेलेली, धुरळ्यातनंसुद्धा एकेक गडी सुटा दिसतोय, जर्सीवरचा नंबर वाचता येतोय. कॉर्नर आला. गर्दी उसळली. आणि डाव्या खांबाकडनं एक पोरगा उडाला. बारीक, केसाळ, हात लांब, अंग जमिनीला समांतर, सरळ वरच्या कोपऱ्याकडं. हॉल एकदम म्हणाला, "आयला!" तो कृष्णात होता. बेडूक कुठलं, मांजर होती ती. पण बॉल वरच्या कोपऱ्यात आलाच नाही. तो एका गड्याच्या डोक्यावरनं खाली पडला, आणि तिथं एक जण स्वतःच्याच बुटाची नाडी पायात येऊन पालथा आपटत होता. बॉल त्याच्या वर आलेल्या ढुंगणावर टप्पा खाऊन, वळून, दुसऱ्या बाजूनं सावकाश आत गेला, आणि मग कुठं खाली आलेला कृष्णात त्याच्यावर पालथा पडला. त्या गड्याच्या पाठीवर नंबर नऊ. नऊ म्हणजे विजयसिंह.

मग प्रियदर्शनीनं ते परत लावलं, हळू गतीनं.

ढुंगण वर येतंय. बॉल येतोय. ढुंगण. टप्पा. गोल.

हॉलात जो हशा फुटला तो बाहेर चाललेल्या रिक्षांनी थांबून ऐकला. बाया भिंतीला टेकल्या. गणपतरावांची कवळी निसटून धोतरात पडली, ती त्यांनी पुसून परत घातली आणि विचारलं, "विजयसिंग, कैची कंच्या अंगानं मारलीस म्हणलास?"

"धुरळा हुता," विजयसिंह म्हणाला. कान लाल.

"आणखी एकदा लावा!" मागनं बाया ओरडल्या. लावलं. आणखी एकदा लावलं. सहा वेळा लावलं.

गणपतरावांनी काठी आपटली. "निकाल ऐका. बॉल आत, म्हंजे गोल खरा. अट मोडली, चित्र काढायचं."

कृष्णातनं मान खाली घातली.

"पर वाघजाईच्या भिंतीवर खोटं न्हाई काढायचं," म्हातारा पुढं म्हणाला. "सम्राट, आता जे दिसलं ते काढ. ह्यो उडालेला, आनि त्यो पडलेला. टप्पा जितं बसला तितंच बॉल."

सम्राटचे डोळे चमकले. कलाकार माणूस. "पंधरा फुटात ते लई मोठं दिसंल, अध्यक्ष."

"नको!" विजयसिंह दोन्ही हात पसरून दाराकडं धावला, जणू काही आत्ताच गोल अडवायचा होता. "नको नको. कशाला उगंच माणसांची चित्रं. तालीम हाय, बाया-बापड्या येत्यात-जात्यात. फुलं काढ, सम्राट. कमळ-बिमळ काढ. रंगाचा खर्च माझा!"

दुपारी बाराच्या आत खडूचं बेडूक पुसलं गेलं. पुसायला कृष्णातनं स्वतः पाण्याची बादली नेली. आता त्या भिंतीवर सहा कमळं आहेत, बरी काढली आहेत.

हॉल रिकामा झाल्यावर प्रियदर्शनी म्हणाली, "मामा, काम संपलं. आता एक्झिट म्हणा, खोली मोडून टाकू. आनि पासवर्ड बदलतो मी, अठरा जणांस्नी आत घेताय व्हय!"

"पासवर्ड बदल," कृष्णात म्हणाला. "खोली ऱ्हाऊ दे." कंट्रोल-बी. डी. "येतो."

नाव काही गेलं नाही. पेठ अजून त्याला चाळणच म्हणते, कारण गोल होता तो होता, एकवीस सेंटिमीटर. पण आता कुणी म्हटलं की तो विचारतो, "व्हय, पर कशानं घातला?" आणि समोरचा वाटेला लागतो.

औंदाच्या चौदा फेब्रुवारीला सकाळी चाळण आली नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. उलट कृष्णातनंच एक चांगला सागवानी पाट वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल फीत बांधून भांड्यांच्या दुकानात पोचवला. आत चिठ्ठी, 'बसताना जपून.'

पाचव्या दिवशी पाट परत आला. तीच फीत. उघडून बघतो तर मधोमध ड्रिल मारून तेहतीस भोकं पाडलेली, मापात, गोलाकार, अगदी चाळणीसारखी.

कृष्णात उंबऱ्यावर बसून हसता हसता लोळायचाच बाकी राहिला.

चिमणाबाईनं पाट उलटापालटा करून बघितला, भोकांतनं बोट घालून बघितलं. "लाकूड चांगलं हाय," ती म्हणाली. "न्हाणीत ठेवतो. पाणी झराझरा जाईल."